एकच शब्द, दोन दुर्बिणी : जठराच्या कॅन्सरचा पसारा शोधण्याची गोष्ट



"दुर्बीण टाकून बघितलं" आणि "दुर्बिणीतून ऑपरेशन झालं" ही दोन्ही वाक्यं तुम्ही घरात, शेजारी किंवा दवाखान्याच्या बाकावर नक्की ऐकली असतील. दोन्हींत शब्द एकच, पण वस्तू दोन. पहिली दुर्बीण तोंडातून घशाखाली उतरते आणि जठर आतून दाखवते. ती एंडोस्कोप. दुसरी बेंबीजवळच्या छोट्या छेदातून पोटात शिरते आणि तेच जठर बाहेरून दाखवते. ती लॅपरोस्कोप. जठराच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये या दोन्ही मिळून जी चित्रं देतात, त्यांच्यावर माझं पीएचडीचं काम चालू आहे. "म्हणजे तू नक्की करतेस काय?" हा प्रश्न नातेवाइकांनी इतक्या वेळा विचारला, की शेवटी लिहायलाच बसले.

एका वाक्यात सांगायचं तर, ऑपरेशन चालू असतानाच रोग कुठवर पोचलाय हे कसं ओळखायचं, हा माझा विषय. पण हा प्रश्न मला पडण्याच्या फार आधी, सुमारे दीडशे वर्षांपूर्वी, व्हिएन्नातल्या एका सर्जनसमोर उभा होता. म्हणून आज थोडा इतिहास.

कापायचं किती?

आधी हे समजून घेऊ की या प्रश्नावर एवढं काय अडलंय.

माझ्या मावशीचं जठर काही वर्षांपूर्वी पूर्ण काढलं. ती आज ठणठणीत आहे, देवाची आणि डॉक्टरांची कृपा. पण तिचं जेवण चिमणीएवढं झालंय. दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं खायचं. गोड जास्त झालं की घाम सुटतो, छातीत धडधडतं, आडवं व्हावं लागतं. बी-१२ ची इंजेक्शनं कायमची, कारण हे जीवनसत्त्व शोषायला लागणारा घटक जठरातच तयार होतो. लग्नाच्या पंगतीत ती आता वाढायला उभी राहते, बसत नाही.

म्हणजे जास्त कापलं तर माणूस जगतो, पण ताटावरचं सुख जातं. कमी कापलं आणि रोगाचा एखादा कण मागे राहिला, तर माणूसच जातो. सर्जनला या दोहोंच्या मधली रेघ शोधायची असते, आणि तीही टेबलावर, ऑपरेशन चालू असताना.

व्हिएन्ना, १८८१

२९ जानेवारी १८८१ रोजी थिओडोर बिलरोथ यांनी व्हिएन्नात एका ४३ वर्षांच्या बाईच्या जठराचा खालचा, कॅन्सरने बंद होत आलेला भाग काढला आणि उरलेलं जठर पुढच्या आतड्याला जोडलं. त्याआधी पॅरिसमध्ये आणि पोलंडमध्ये असे प्रयत्न झाले होते, पण ते रुग्ण ऑपरेशननंतर लगेचच दगावले होते. बिलरोथ यांची रुग्ण मात्र बरी होऊन घरी गेली. शस्त्रक्रियेच्या इतिहासात हा दिवस मोठा मानतात, आणि ते योग्यच आहे.

पण गोष्ट तिथे संपत नाही. साधारण चार महिन्यांत ती बाई गेली. टाके पक्के होते, जोडणी पक्की होती. रोग मात्र कापलेल्या भागाच्या पलीकडे आधीच पोचलेला होता. हात चुकले नव्हते. डोळ्यांना जे दिसायला हवं होतं, ते दिसलं नव्हतं.

गंमत म्हणजे त्याच वर्षी, त्याच शहरात, बिलरोथ यांच्याच हाताखालचे सर्जन योहान मिकुलिच यांनी योसेफ लायटर या उपकरण बनवणाऱ्या कारागिराबरोबर जठरात घालायची दुर्बीण तयार केली. त्याआधी १८६८ मध्ये फ्रायबुर्गच्या आडोल्फ कुसमाउल यांनी एका तलवार गिळणाऱ्या कसरतपटूच्या घशातून सरळ नळी जठरात उतरवून दाखवली होती. नळी गेली, पण उजेड पुरला नाही. मिकुलिच यांनी नळीच्या टोकाशी प्लॅटिनमच्या तारेचा विजेवर तापणारा दिवा बसवला आणि तो तापून जठर भाजू नये म्हणून भोवती पाणी खेळवलं. उजेड मिळाला, पण नळी ताठ. तिला ना सगळे कोपरे दिसत, ना रुग्णाला ती सोसवत.

म्हणजे जठराचं ऑपरेशन आणि जठराची दुर्बीण अगदी शेजारी शेजारी जन्मली. पण एकाच टेबलावर रोजच्या कामात एकत्र यायला त्यांना शंभरावर वर्षं लागली.

हाताला लागतं ते

मधल्या काळात सर्जन काय करत होते? चाचपत होते. आणि त्यात ते पटाईत होते, हं.

जठराचा कॅन्सर दूर पसरला की शरीर काही खुणा बाहेर दाखवतं. डाव्या बाजूला गळ्याच्या हाडाच्या वर गाठ लागली तर ती वाईट खूण, हे रुडॉल्फ फिरखो यांनी १८४८ मध्येच लिहून ठेवलं होतं. बेंबीत लागणाऱ्या गाठीला आजही सिस्टर मेरी जोसेफ यांचं नाव आहे. त्या अमेरिकेत रॉचेस्टरला विल्यम मेयो यांच्याबरोबर ऑपरेशनमध्ये मदत करणाऱ्या परिचारिका. रुग्णाचं पोट ऑपरेशनसाठी साफ करताना त्यांच्या बोटांना ही गाठ लागायची आणि अशा रुग्णांच्या पोटात रोग पसरलेला निघतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. डॉक्टरच्या आधी नर्सच्या बोटांनी निदान केलं, असं म्हणा ना!

पण बऱ्याच रुग्णांत बाहेर काहीच दिसायचं नाही. मग पोट उघडायचं, हात घालायचा, यकृत चाचपायचं, आतड्यांवरून बोटं फिरवायची. रोग सगळीकडे असला तर पुन्हा शिवून टाकायचं. एवढी मोठी जखम, एवढी भूल, आणि हाती फक्त एक बातमी: "उशीर झालाय."

हे टाळायची वाट विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कुणीतरी दाखवली होती. १९०१ मध्ये गेओर्ग केलिंग या जर्मन डॉक्टरांनी मूत्राशय पाहायची दुर्बीण एका कुत्र्याच्या हवा भरलेल्या पोटात घालून दाखवली. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या हान्स क्रिस्तियान याकोबेउस यांनी माणसांवर हेच करून आपले अनुभव छापले. म्हणजे दुसरी दुर्बीणही तयार होती. तरी अनेक दशकं सर्जन तिच्याकडे फारसे वळले नाहीत. हात घालून चाचपता येत असताना भोकातून डोकावायचं कशाला, असा एकूण सूर होता.

जपानने पहिली दुर्बीण हातात घेतली

आतल्या दुर्बिणीचं पुढचं पर्व जपानचं आहे, आणि त्याला कारण आहे. तिथे जठराचा कॅन्सर फार. १९५० मध्ये टोकियोत डॉ. तात्सुरो उजी आणि ऑलिंपस कंपनीचे मुत्सुओ सुगिउरा व त्यांचे सहकारी यांनी गॅस्ट्रोकॅमेरा बनवला. नळीच्या टोकाशी चिमुकला कॅमेरा, चिमुकला दिवा आणि अरुंद फिल्म. फोटो काढणाऱ्याला आत काहीच दिसत नसे. मग कॅमेरा नेमका कुठे आहे ते कसं कळायचं? खोलीत अंधार करायचा आणि दिवा लागला की पोटाच्या कातडीतून बाहेर येणारा उजेड पाहायचा! ही युक्ती लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

१९५७ मध्ये अमेरिकेत बेसिल हर्शोविट्झ यांनी काचतंतूंची लवचिक दुर्बीण आधी स्वतःच्या घशात घालून पाहिली आणि मग आत थेट डोळ्यांनी बघता येऊ लागलं. १९६२ मध्ये जपानी डॉक्टरांनी 'सुरुवातीचा जठर कॅन्सर' याची व्याख्या ठरवली: जठराच्या आतल्या अस्तरात किंवा त्याच्या लगेच खालच्या थरात थांबलेला रोग, मग लसिकाग्रंथींमध्ये तो गेलेला असो वा नसो.

ते शेवटचे शब्द पुन्हा वाचा. "असो वा नसो." माझा सगळा विषय या तीन शब्दांत आहे.

लसिकाग्रंथी म्हणजे काय ते आपल्या भाषेत सोपं आहे. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधान येतं. जखम पायात, गाठ जांघेत. कारण पायातला पाझर त्या वाटेने वर जातो आणि वाटेतल्या ग्रंथीत घाण अडते. कॅन्सरच्या पेशीही जठरातून अशाच वाटांनी निघतात. जपानी सर्जननी जठराभोवतीच्या या ग्रंथींच्या जागांना चक्क क्रमांक दिले आणि कोणत्या क्रमांकापर्यंत काढायचं याचे नियम केले.

पण यातल्या किती ग्रंथींत खरंच रोग असतो? टोकियोतल्या दोन कॅन्सर रुग्णालयांतल्या ५२६५ रुग्णांचा एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. या सगळ्यांचा कॅन्सर सुरुवातीचा होता आणि सगळ्यांच्या ग्रंथी काढलेल्या होत्या. रोग आतल्या अस्तरातच असेल तर सुमारे २ टक्के रुग्णांच्या ग्रंथींत तो सापडला. खालच्या थरात उतरला असेल तर सुमारे १८ टक्के.

आता उलटा हिशेब करा. दुसऱ्या गटातल्या शंभरांपैकी बयाऐंशी जणांच्या काढलेल्या ग्रंथी स्वच्छ होत्या. पण ते बयाऐंशी कोण, हे ऑपरेशनच्या आधी कुणालाच सांगता येत नव्हतं. अठरांसाठी शंभरांना किंमत मोजावी लागत होती.

हात गेला, मग दोन्ही दुर्बिणी भेटल्या

१९९१ मध्ये जपानच्या सेइगो कितानो यांनी लॅपरोस्कोपच्या मदतीने जठराचा खालचा भाग काढला. जखम लहान झाली, रुग्ण लवकर चालू लागला. पण एक जुनी गोष्ट हातची गेली: चाचपणं. लांब चिमट्याच्या टोकाला बोटासारखं कळत नाही. त्यात सुरुवातीचा कॅन्सर जठराच्या आतल्या बाजूला. बाहेरून जठर अगदी गुळगुळीत, निरोगी दिसतं. मग कापायचं कुठे?

इथे पहिली दुर्बीण ऑपरेशनच्या खोलीत आली. रुग्ण भुलीखाली असतानाच एक डॉक्टर तोंडातून एंडोस्कोप जठरात उतरवतो. आत गाठ सापडली की तिथे दिवा रोखतो. लॅपरोस्कोपचा उजेड क्षणभर मंद करतात, आणि जठराच्या भिंतीतून पिवळसर प्रकाश बाहेर झिरपताना दिसतो. गॅस्ट्रोकॅमेऱ्याची तीच जुनी युक्ती! फक्त आता उजेड पाहणारी दुसरी दुर्बीणही पोटाच्या आतच असते. कुठे आदल्या दिवशी आतून शाई टोचून ठेवतात, कुठे धातूच्या बारीक क्लिपा लावतात. आतली हवा वाढून आतडी फुगू नयेत म्हणून साध्या हवेऐवजी लवकर शोषला जाणारा कार्बन डायऑक्साइड सोडतात. कापलेल्या कडेचा तुकडा गोठवून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

दरम्यान लॅपरोस्कोपला आणखी एक काम मिळालं, मोठं ऑपरेशन सुरू करण्याआधी डोकावून बघण्याचं. रोग पुढे गेलेला असला तर पोटाच्या आतल्या अस्तरावर साबुदाण्याहून लहान पांढरे दाणे दिसू शकतात. सीटी स्कॅनला ते अनेकदा कळत नाहीत, दुर्बिणीला कळतात. काही दिसलं नाही तरी पोटात सलाइन सोडून ते परत ओढतात आणि त्यात कॅन्सरच्या पेशी आहेत का ते तपासतात. सापडल्या तर रोग दूर पसरलेला धरतात, आणि बहुधा मोठ्या ऑपरेशनऐवजी आधी औषधांची वाट धरतात. आपल्याकडे बरेच रुग्ण उशिरा येतात, म्हणून भारतात ही डोकावणी फार कामाची. सिस्टर मेरी जोसेफ यांच्या बोटांचं काम आता ही दुर्बीण करते, असं मला नेहमी वाटतं.

वेशीवरचा पहारेकरी

ग्रंथींचा प्रश्न मात्र उरलाच. १९९२ मध्ये डोनाल्ड मॉर्टन यांनी कातडीच्या कॅन्सरसाठी एक छान कल्पना मांडली. गाठीभोवती निळा रंग टोचा. तो ज्या ग्रंथीत सगळ्यात आधी पोचेल, ती वेशीवरची पहारेकरी. रोग बाहेर पडला तर आधी तिलाच भेटणार. ती स्वच्छ असेल तर पुढच्या ग्रंथींना हात लावायचं कारण नाही.

जठरासाठी हे करायचं तर एंडोस्कोपने गाठीभोवती चार ठिकाणी रंग टोचायचा आणि लॅपरोस्कोपने बाहेरून तो कुठे जातो ते बघायचं. पुन्हा दोन दुर्बिणींची जोडी. यासाठी इंडोसायनिन ग्रीन हा हिरवा रंग वापरतात. १९५० च्या दशकात तो हृदयाचं काम मोजायला आला होता. त्याच्यावर अवरक्त प्रकाश टाकला तर तोही अवरक्त प्रकाश परत देतो. आपल्या डोळ्याला तो दिसत नाही, पण खास कॅमेऱ्याला दिसतो, आणि पडद्यावर काळोखात काजवे बसावेत तशा ग्रंथी चमकतात. पहिल्यांदा ते चित्र पाहिलं तेव्हा मला वाटलं, संपला प्रश्न. आता उरलं काय?

उरलं होतं बरंच. पुढचे तीन अभ्यास बघा.

पहिला जपानचा, अनेक रुग्णालयांनी मिळून केलेला. त्यात हा हिरवा रंग नुसत्या डोळ्यांनी बघत होते आणि ग्रंथीचा एकच काप ऑपरेशनच्या वेळी तपासत होते. ज्या २८ रुग्णांच्या ग्रंथींत खरंच रोग होता, त्यांपैकी १३ जणांच्या बाबतीत पहारेकऱ्याने "सगळं ठीक आहे" असं सांगितलं होतं. अभ्यास मध्येच थांबवला.

दुसराही जपानचा, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला, ३९७ रुग्णांचा. यात रंगाबरोबर किरणोत्सारी द्रव्यही टोचलं होतं. ९७.५ टक्के रुग्णांत पहारेकरी सापडला, आणि त्याची साक्ष ९९ टक्के वेळा खरी ठरली. तेच जठर, तीच कल्पना. पण खुणा दोन आणि पद्धत काटेकोर.

तिसरा कोरियाचा, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला. हा मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो, कारण त्याने रुग्णाचा प्रश्न विचारला. ५८० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाचं नेहमीचं ऑपरेशन, दुसऱ्यात पहारेकरी स्वच्छ निघाला तर जठर वाचवायचं. तीन वर्षांनी रोगमुक्त असलेले पहिल्या गटात ९५.५ टक्के, दुसऱ्यात ९१.८ टक्के. फरक ५ टक्क्यांच्या आत आहे हे खात्रीने दाखवता आलं तरच नवी पद्धत जुन्याच्या तोडीची मानायची, असं आधीच ठरलं होतं. ती खात्री देता आली नाही. पण जठर वाचलेल्यांचं खाणंपिणं, रोजचं जगणं जास्त चांगलं होतं. आणि जठराच्या कॅन्सरने झालेल्या मृत्यूंत दोन्ही गटांत जवळजवळ फरक नव्हता, कारण ज्यांना पुन्हा रोग झाला त्यांतल्या अनेकांवर परत उपचार करता आले.

आता तुम्हीच सांगा, यातलं काय निवडाल? मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, "मला विचारलं असतं तर मी विचार केला असता." हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

काजवा काय सांगतो?

पहारेकरी चुकतो का? कारणं दोन. एक, जठर हे एका वेशीचं गाव नाही. त्याचा पाझर चारही दिशांना जातो. दुसरं कारण मला जास्त अस्वस्थ करतं. एखादी ग्रंथी कॅन्सरने गच्च भरली की तिच्यात रंगाला शिरायला जागाच उरत नाही. रंग वाट बदलून शेजारच्या स्वच्छ ग्रंथीत जातो. म्हणजे चमकते ती निरोगी, आणि सर्वांत आजारी ती अंधारात!

कारण तो रंग कॅन्सर ओळखतच नाही. तो फक्त पाझराची वाट दाखवतो. कॅन्सर त्या वाटेने गेलाय की नाही, ते आपण वरून जोडलेलं अनुमान आहे. चित्र जितकं सुंदर, तितका हा फरक विसरायला होतो.

म्हणूनच या काजव्यांचा दुसरा, जास्त विनयशील उपयोग पुढे आला. चीनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा रंग "काय सोडू?" यासाठी नव्हे, तर "काही राहिलं का?" यासाठी वापरला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एंडोस्कोपने रंग टोचला. रंग वापरलेल्या रुग्णांत सरासरी ५०.५ ग्रंथी मिळाल्या, न वापरलेल्यांत ४२. कापणाऱ्याला नकाशा मिळाला, पण निर्णय नकाशावर सोपवला नाही.

माझं काम इथे सुरू होतं. चमक किती वेगाने वाढते, कुठे अडते, अपेक्षित वाटेवर एखादी जागा काळी का राहिली, हे संगणकाला मोजायला शिकवणं. सोप्या भाषेत, काजव्यांइतकंच त्यांच्यामधल्या अंधाराकडेही बघणं. यातून काही हाती लागेल की नाही ते अजून ठरायचंय, आणि लागलं तरी कोरियासारख्या परीक्षेतून त्याला जावं लागेल. (एक सूचना: हा लेख म्हणजे वैद्यकीय सल्ला नाही. तुमच्या घरात हा प्रश्न असेल तर तुमच्या सर्जनशी बोला, आणि "किती काढणार, का काढणार?" हे विचारायला लाजू नका.)

बिलरोथ यांच्या त्या रुग्णाचं काढलेलं जठर व्हिएन्नाच्या संग्रहालयात अजून जपून ठेवलंय. मी ते फक्त फोटोत पाहिलंय. बरणीतला तो तुकडा कापण्याच्या कौशल्याची आठवण म्हणून ठेवलाय हे मला कळतं. पण मला त्यात नेहमी ती रेघ दिसते, जिच्या पलीकडचं त्या दिवशी कुणालाच दिसलं नव्हतं.

पुढच्या लेखात त्या चमकणाऱ्या चित्रातला एक ठिपका संगणक कसा 'वाचतो' ते सांगेन. तोवर, मावशीने विचारलेला प्रश्न तुमच्यासाठीही ठेवते: "तुझा तो संगणक चुकला, तर कुणाला सांगायचं?" याचं उत्तर मी अजून शोधतेय.